पैलवानाच्या मापाचं दार

कुंडलच्या हंबीरराव पैलवानानं सांगलीच्या एका डॉक्टरची जुनी फियाट विकत घेतली, तेव्हा पहिल्याच दिवशी गावात दोन तट पडले. गाडी चांगली आहे असं म्हणणारे एकीकडं, आणि गाडी चांगली आहे पण पैलवानाला होत नाही असं म्हणणारे दुसरीकडं. दुसरीकडं गर्दी जास्त होती.

गाडी होती डुक्कर फियाट. गोल पाठ, फुगीर नाकाड आणि पुढची दारं उलटी उघडणारी. डॉक्टर म्हणजे उदबत्तीच्या काडीसारखा माणूस, त्याला ती गाडी दिवाणखान्यासारखी वाटायची. हंबीररावानं कुस्ती सोडून दहा-बारा वर्षं झाली होती, पण खुराक सोडला नव्हता. तो आत बसला की स्टिअरिंग पोटात रुतायचं, उजवी मांडी दारावर चढायची आणि काच खालीवर करायची मूठ नेमकी मांडीच्या मऊ भागात घुसायची. दार लावायची एक रीतच ठरून गेली होती. पैलवानानं आधी श्वास आत घ्यायचा, बाहेरून कुणीतरी दारावर खांदा द्यायचा, कडी बसल्याचा आवाज आला की पैलवानानं श्वास सोडायचा. श्वास सोडला की गाडी उजव्या अंगाला जराशी कलायची.

गावातल्या नाथाजीकडं ऐसपैस अँबॅसिडर होती. तो चावडीसमोर चार माणसांत म्हणाला, "आमचं पैलवान गाडी चालवत न्हाईत गड्या, घालत्यात. बंडी घालावी तशी."

ते हंबीररावाच्या कानावर गेलं. त्याच आठवड्यात दाराचं आतलं अस्तरही गेलं. रेक्झिन मढवलेला पुठ्ठाच तो. पैलवानाची मांडी किती दिवस सोसणार? एका वळणावर चिमटे टपाटपा उडाले आणि पुठ्ठा मधोमध मोडून मांडीवर आला. शेजारी बसलेली त्याची बायको मनुबाई एवढंच म्हणाली, "ह्या गाडीत माणूस बसत न्हाई. मुरतंय. लोणच्यावानी."

याच सुमाराला धुळा कुंडलात आला होता. धुळा दुष्काळी माण तालुक्यातला, दहिवडीकडचा. घरी मेंढरं. मिसरूड फुटायच्या आधी तो मुंबईला गेला आणि माझगावच्या एका शेडमध्ये फायबरच्या नावा करायच्या कामाला लागला. काचेचे तंतू पसरायचे, त्यावर चिकट रेझिन ब्रशनं चोपायचं, वाळलं की घासायचं. पुढं शेडच्या मालकानं धंदा गोव्याला हलवला आणि धुळा मुंबई सोडून थोरल्या बहिणीकडं, बनुबाईकडं येऊन राहिला. तिचा नवरा पैलवानाच्या गुऱ्हाळावर गुळव्या होता. बनुबाईला भावाचं भारी कौतुक. "आमचा धुळा काचंच्या नावा करतोय," हे तिनं विहिरीवर, गिरणीत आणि पिठाची वाट बघत बसलेल्या बायांना इतक्यांदा सांगितलं होतं की धुळ्याला गावातनं जाताना लाज वाटायची. ज्या माणात माणसाला प्यायला पाणी नाही, तिथला गडी नावा करतो म्हटल्यावर लोक हसायचेच.

एके सकाळी हंबीरराव स्वतः बनुबाईच्या दारात आला.

"धुळा कोन रं?"

"मी जी."

"तू काचंच्या नावा करतोस म्हणं. पान्यात फुटत न्हाईत व्हय?"

"काचंचं नुसतं धागं आसत्यात, पैलवान. रेझिन घातलं की हातोडा मारला तरी हू की चू करत न्हाई."

"मग माझ्या गाडीला आतनं दार कर. आसं कर, की माझी मांडी त्यात बसंल. कोपर बसंल. काय ते एकदा मापानं हू दे."

आता इथं धुळ्यानं विचार करायला हवा होता. पण मागं चुलीपुढं बनुबाई कान टवकारून बसली होती, आणि दारातला माणूस चौकटीएवढा होता. धुळा म्हणाला, "करतो की. त्यात काय!"

पैलवान गेल्यावर त्यानं आपल्याला काय काय येतं ते बोटांवर मोजलं. शेडमध्ये त्यानं सगळी कामं केली होती, एक सोडून. रेझिन कालवायचं काम फर्नांडिस मेस्त्रीचं असायचं, आणि मेस्त्री ते कायम पाठ फिरवून करायचा. घमेलं पुढं आलं की धुळ्यानं ब्रश बुडवायचा, एवढंच त्याला ठाऊक. एक गोष्ट मात्र मेस्त्री रोज सगळ्यांना ओरडून सांगायचा. जांभळी बाटली आणि पांढरी बाटली या सवती आहेत, त्यांची थेट गाठ घालायची नाही, घातली तर घराला आग. आधी जांभळी रेझिनात पुरती मुरवायची, मगच पांढरी घालायची. पण किती घालायची? ते मेस्त्रीच्या पाठीला माहीत.

कृष्णात नावाचा ड्रायव्हर पैलवानाचा गूळ घेऊन मुंबईला जायचा. येताना त्यानं रेझिनचा डबा, काचतंतूची पांढरी चटई आणि दोन्ही बाटल्या आणल्या. धुळ्यानं सांगितलं होतं म्हणून एक बाटली त्यानं केबिनमध्ये ठेवली होती आणि दुसरी पार मागं, गोणपाटात गुंडाळून. "सारी वाट आंगावर काटा हुता लेका," तो म्हणाला. "दोन बायकांच्या दादल्यासारखी गत झालती माझी."

काम गुऱ्हाळाच्या छपरात सुरू झालं. आधी साचा हवा. धुळ्याचं म्हणणं, दाराला शाडूचा जाड थर द्यायचा, पैलवानानं आत बसून दार ओढून घ्यायचं, म्हणजे अंगाचा ठसा त्यात आपसूक उमटेल. ठशावर मेण फासायचं आणि त्यावर फायबर चढवायचं. पैलवानाला सगळं पटलं. शाडू तेवढी पटली नाही.

"गणपतीची माती माझ्या मांडीखाली? शोभतंय का? तालमीतली माती घे. तिला माझं आंग पाठ हाय."

तालमीची माती म्हणजे तेल, ताक, हळद मुरलेली लालभडक भुसभुशीत माती. तिचा गोळा धरेना. शेवटी धुळ्यानं निम्मी शाडू आणि निम्मी तालीम असा तोडगा काढला. बाजूच्या आळीतल्या तालमीतून दोन पाट्या माती आली आणि तिच्यामागं दहा-बारा पैलवानही आले. हंबीरराव नुसत्या लंगोटावर गाडीत बसला. धुळ्यानं गारेगार माती दाराला थापली, चौघांनी बाहेरून दार रेटलं आणि पैलवानानं सवयीप्रमाणं श्वास आत घेतला.

"सोडा आता!" धुळा ओरडला.

पैलवानानं श्वास सोडला. मातीतनं 'फस्स' असा आवाज आला.

"आता हालायचं न्हाई. माती सुकू दे जरा."

"शिंक आली तर?"

"गिळा."

मनुबाई न्याहारी घेऊन आली, तर नवरा उघडाबंब गाडीत, अर्धा मातीत, डोळे मिटून. भोवती पैलवान गप्प उभे. ती थबकली आणि म्हणाली, "आवं, जित्तं हायसा नव्हं?" पैलवानानं डोळ्यांनीच हो म्हटलं. मग तिनं खिडकीतनं त्याला भाकरीचा एकेक घास भरवला, आणि तालमीतली पोरं उगाचच आढ्याकडं बघायला लागली.

ठसा मात्र असा उमटला की धुळा बघतच राहिला. मांडीचा रुंद खोलगा, त्याच्यावर कोपराची वाटी, मध्ये मनगट टेकायची जागा. मुंबईत त्यानं इतक्या नावा घासल्या, पण त्यात कोण बसलं ते कधी दिसलं नाही. नाव शेडमधनं गेली की गेली. इथं मातीतच माणूस दिसत होता.

मग रेझिन कालवायचा प्रसंग आला. एप्रिलचं ऊन, भर दुपार. धुळ्यानं मेस्त्रीसारखी पाठ फिरवली. जांभळी घातली, ढवळली. पांढरी अंदाजानं घातली आणि मनाला वाटलं म्हणून वर आणखी थोडी घातली. ब्रश हातात घेऊन वळेपर्यंत घमेल्यातनं धूर निघाला. रेझिन चरचरलं, घट्ट झालं आणि ढवळायची काठी त्यात सरळ उभी राहिली. धुळ्यानं ओढली तर काठीबरोबर घमेलं वर आलं.

हंबीरराव जवळच बसला होता. तो वाकून म्हणाला, "गूळ झाला की रं!"

धुळ्याचं तोंड एवढंसं झालं. पण बनुबाईचा नवरा आयुष्यभर चुलाणापुढं उभा राहिलेला माणूस. त्याला यात काही विशेष वाटलं नाही. तो म्हणाला, "मेव्हनं, उनाचं कवा पाक धरत्यात व्हय? तुमची मुंबई सावलीत आसंल. हितं पत्रा तापलाय. सकाळच्या गारव्यात करा. आन आधी थोडथोडं करून बगा, येकदम काहिल कशाला उतरायची?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच धुळा नारळाच्या करवंट्या ओळीनं मांडून बसला. प्रत्येकीत वेगवेगळे थेंब. एक करवंटी बोलता बोलता दगड झाली, एक जेवणवेळेपर्यंत चिकटच राहिली आणि तिला बनुबाईची कोंबडी चिकटली. मधली एक मात्र आस्ते आस्ते, मधासारखी, मग मेणासारखी, मग नखाला लागणार नाही अशी झाली. धुळ्यानं ती करवंटी कपाळाला लावली. तिसऱ्या सकाळी त्यानं मातीवर काचतंतूची चटई अंथरली, ब्रशनं रेझिन चोपून चोपून आत जिरवलं, हवेचे फुगे फोडले, वर दुसरी चटई, पुन्हा रेझिन. पांढरी चटई बघता बघता पारदर्शक झाली आणि आतून तालमीची लाल माती दिसायला लागली. आता तो पाठ फिरवत नव्हता. ज्याला बघायचं त्यानं बघावं. बघणारे पुष्कळ होते.

वाळल्यावर दार निघालं, माती खरवडली, कडा घासल्या. घासताना धुळ्यानं दहादा बजावलं होतं, जवळ येऊ नका, काचेचं बारीक कूस उडतं, अंगाला खाजतं. पैलवान आलाच, तोही उघड्या अंगानं, आणि दार पोटाशी धरून निरखत बसला. त्या दिवशी कुंडलनं हंबीररावाला घराच्या कोपऱ्याला अंग घासताना पाहिलं. म्हशीसुद्धा माना वळवून बघत होत्या. मनुबाईनं खोबरेल चोळलं, शेण लिंपायचा सल्ला शेजारणीनं दिला, तो तिनं नवऱ्याला सांगितला नाही.

मनुबाईच्या बाजूचं दार धुळ्यानं साध्या मापानं केलं. मातीत बसायला तिनं साफ नकार दिला होता. पण त्या दाराला तिनं पानाच्या चंचीसाठी एक खण मागून घेतला आणि फुलांची वेणी अडकवायला एक आकडा. दोन्ही दारांना वरून तांबडं रेक्झिन चिकटवलं. दारं देखणी दिसायला लागली.

पैलवानाचं दार गाडीला चढवलं, तेव्हा एक नवीनच अडचण निघाली. काच खाली जायची ती दाराच्या पोटात, आणि त्या पोटात आता पैलवानाच्या मांडीचा खोलगा शिरला होता. काच चार बोटं खाली आली आणि टक्कन थांबली.

धुळा ओशाळून म्हणाला, "पैलवान, मांडी नायतर काच. येकच मावंल."

"मग मांडी," हंबीरराव म्हणाला. "वारा काय, चार बोटांतनं बी येतोय."

तो आत बसला. दार कुणी ढकललं नाही, श्वास कुणी धरला नाही. त्यानं स्वतः एका हातानं दार ओढलं आणि ते सुरेख 'खट्' करून लागलं. मांडी खोलग्यात गेली, कोपर वाटीत गेलं. हंबीररावानं डोळे मिटले आणि तो पैलवानी आवाजात म्हणाला, "अहाहा! आईच्या मांडीवर बसल्यागत वाटतंय रं!"

धुळ्यानं सांगून बघितलं, "आजून चार दिस दारं उघडी टाकून उनात ठिऊया. रेझिन आतनं पुरतं पिकलं न्हाई. रेक्झिन चिकटवल्यालं सोलुशन बी ताजं हाय."

"चार दिस? उद्या आटपाडीला कुस्त्यांचं मैदान हाय. पैल्या जोडीचं हात मिळवाय मला बोलवलंय. सासुरवाडी हाय माझी. आन तू बी चल. वाटंत दार निसटलं तर?"

दुसऱ्या दिवशी जेवणं करून तिघं निघाली. पैलवानानं कोल्हापुरी फेटा बांधला होता, मनुबाई नवं इरकली लुगडं नेसली होती, धुळा मागं हत्यारांची पिशवी घेऊन बसला होता. विटा येईपर्यंत सगळं छान होतं. मग ऊन टपावर आलं. गाडी आतून तापली आणि दारांनी वास सोडायला सुरुवात केली.

फायबरचा ताजा वास ज्यानं घेतलाय त्यालाच कळेल. आधी नाकात गोड लागतो, मग कपाळात चढतो, मग डोळ्यांतून निघतो. पैलवानाच्या बाजूची काच चार बोटांवर अडलेली. मनुबाईच्या बाजूची उघडावी तर पुढं एक ट्रक, त्याचा सगळा फुफाटा आत. तिनं एकदा लुगड्याकडं बघितलं, एकदा धुळीकडं, आणि काच वर केली.

थोड्या वेळानं ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "धुळा, दार केलंयस का कांदा केलायस रं?"

"वैनी, दम धरा. जाईल हळूहळू." धुळ्याच्याच नाकातनं पाणी गळत होतं.

भिवघाटाजवळ एका बाभळीखाली गाडी थांबवून त्यांनी दारं सताड उघडली. बरं वाटलं. पुन्हा बसले, पुन्हा तेच. पैलवान फेट्याच्या शेमल्यानं एकेक डोळा पुसत, दुसऱ्या डोळ्यानं रस्ता बघत गाडी हाकत होता. आटपाडी दिसायला लागली तेव्हा तिघांचेही डोळे टोमॅटोसारखे झाले होते आणि घसे पार बसले होते.

मनुबाईची आई लक्ष्मीबाई अंगणात बाजरी पाखडत होती. गाडी थांबली. लेक उतरली ती डोळे सुजलेले, नाक लाल, पदर तोंडाला. मागून जावई उतरला. भर मैदानात गळपट्टीचं हाड मोडलं तेव्हा ज्याच्या डोळ्यात टिपूस आलं नव्हतं, तो जावई हुंदके देत होता. लक्ष्मीबाईच्या हातातलं सूप पडलं.

"अगं बाई माझे! मने, काय झालं गं? कोण गेलं?"

मनुबाईच्या घशातनं शब्द निघेना. तिनं नुसता हात हलवला, काही नाही म्हणून. लक्ष्मीबाईनं तो 'सगळं संपलं' असा घेतला आणि गळा काढला. तिचं रडणं ऐकून शेजारपाजारच्या बाया धावल्या आणि काय झालं ते न विचारताच सुरात सूर मिसळायला लागल्या.

आता मनुबाई बिचकली. तिनं भोवती पाहिलं. ओसरीवर बापाची बाज होती. बाज रिकामी होती, घोंगडं घडी घालून ठेवलेलं. ऐंशीच्या घरातला बाप या वेळेला कधी बाजेवरनं हलायचा नाही.  आई रडतेय ती ह्याचसाठी! घसा फुटला आणि तिनं हंबरडा फोडला, "आबाऽऽ! माझ्या आबाऽऽ!"

लक्ष्मीबाईचं रडणं क्षणभर थांबलं. आबा सकाळीच काठी टेकत बाहेर पडला होता, मैदानाची तयारी बघायला. म्हणजे वाटेत काही झालं, आणि ते लेक-जावयानं बघितलं! ती मटकन खाली बसली. "धनीऽऽ, मला टाकून गेलासाऽऽ!"

हंबीररावाला आता कळलं की सासरा गेला. इतका वेळ तो नुसत्या डोळ्यांनी रडत होता, आता पोटापासून रडायला लागला. "म्हाताऱ्यानं माझ्या डोक्याला पयला पटका बांधला हुता," असं म्हणून त्यानं गाडीच्या टपावर डोकं टेकलं.

खरं काय ते धुळ्याला दिसत होतं. तो खोकत, ठसकत बायांच्या घोळक्यात शिरला आणि गाडीकडं हात करून सांगायला लागला, "वास... अवो, वास..."

"श्वास गेला म्हणतोय गं!" एक म्हातारी किंचाळली. रडण्याला नवा जोर चढला.

एवढ्यात मनुबाईचा भाऊ गुंडा रानातून पळत आला. त्यानं टोपी फेकली आणि पुरुष बसले होते त्या कट्ट्यावर जाऊन कोसळला. शेजारी कुणीतरी उपरण्यात तोंड लपवून मुसमुसत बसलं होतं. गुंडानं त्याच्या खांद्यावर मान टाकली.

"गेलं रं! आबा गेलं!"

त्या माणसानं त्याच्या पाठीवर थोपटलं. "जायाचंच आसतंय पोरा. आपुन काय आमरपट्टा घिऊन आलोय? पर कोणचं आबा?"

गुंडानं मान वर केली. आबा होता. मैदानावरनं आला होता, काखेत कलिंगड होतं. कानानं जरा कमी ऐकू येई. आपल्या दारात रडारड दिसली, कुणीतरी गेलंय एवढं कळलं. आधी विचारणं बरं दिसत नाही म्हणून तो रीतीप्रमाणं बसून रडायला लागला होता.

गुंडा 'आँ' करून उठला. एकेक करून सगळ्यांची तोंडं तिकडं वळली आणि रडणं जिथल्या तिथं थांबलं. लक्ष्मीबाई पदर सावरत पुढं आली. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं, मग वाकून पायांकडं बघितलं. पाय सुलटे होते. मग तिनं त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की आबा कलिंगडासकट उडाला.

"आगं! जित्या माणसाला मारतीस का काय?"

"कुणी सांगितलं ह्ये गेलं म्हणून?" तिनं लेकीला विचारलं.

"तूच रडत हुतीस की!"

"आन तू काय हासत आलीस व्हय?"

मग सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत धुळ्यावर येऊन थांबल्या. त्याला वाटलं, इथून माण किती लांब, आणि पळत किती वेळ लागेल? पण घसा थोडा मोकळा झाला होता. त्यानं हात जोडले आणि पैलवानाच्या मांडीपासून सगळं सांगितलं. कुणाचा विश्वास बसेना. आबा म्हणाला, "बगू तरी," आणि पैलवानाच्या जागेवर जाऊन बसला. खोलग्यात तो दिसेनासाच झाला, वर नुसता फेटा उरला. थोड्या वेळानं फेटा हलला, शिंक आली आणि आबा बाहेर आला. दोन्ही डोळ्यांतनं धारा लागल्या होत्या.

"लेकानु," तो म्हणाला, "लय ब्येस दार हाय! मयतीच्या घरी ह्येच घिऊन जात जावा."

अंगण हसून फुटलं. हसताहसता पुन्हा डोळ्यांत पाणी, ते कशाचं हे कुणाला सांगता येईना. हशा ओसरला तसा आबा कट्ट्यावर टेकला आणि जरा वेगळ्याच आवाजात म्हणाला, "येवढी समदी रडलायसा, ते वाया कशाला घालवायचं? बायडाआक्काच्या नावानं धरा."

 बायडाबाई आबाची थोरली बहीण, बालविधवा. गुंडाला आणि मनुबाईला तिनंच अंगाखांद्यावर वाढवलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात ती गेली, तेव्हा सारं गाव खडी फोडायला गेलं होतं. मुकादम सोडेना. दोघं-तिघं कशीबशी आली, माती दिली आणि पुन्हा हातोड्याला गेली. रडायला कुणाला सवड नव्हती.

"व्हय," लक्ष्मीबाई हळूच म्हणाली. "वन्सं लय गुणाची हुती." तिनं डोळ्यांना पदर लावला. मनुबाई आईच्या शेजारी जाऊन बसली. आता मोठा आवाज कुणीच केला नाही. धुळा बायडाबाईला ओळखत नव्हता. पण त्याच्या माणातही त्या वर्षी अशीच माणसं गेली होती. तो गाडीआड जाऊन उभा राहिला आणि त्यानं नाक पुसलं.

मग आबानं कलिंगड फोडलं.

मैदानात हंबीरराव लालभडक डोळ्यांनी उभा राहिला. पहिल्या जोडीचे हात मिळवताना त्याला पुन्हा भरून आलं. लोक म्हणाले, बघा, खरा पैलवान! माती बघितली की अजून डोळ्यांत पाणी येतं. हंबीररावानं मान हलवून ते मान्य केलं.

गाडी नंतर पंधरवडाभर गुऱ्हाळाच्या छपरात दारं उघडी टाकून उभी होती. वास गेला. मांडीच्या खोलग्यात बनुबाईची कोंबडी अंडी घालायला लागली, तिला उठवूनच पैलवानाला गाडी काढावी लागे. धुळ्यानं विट्याच्या रस्त्याला एक पत्र्याची टपरी टाकली. विहिरीच्या मोटारीवरच्या पेट्या, मेंढरांच्या पाण्याची डोणी, ट्रकची मडगार्डं असली कामं येत गेली. पण दाराचं काम घेतलं की तो गिऱ्हाइकाला आधी मातीत बसवायचा, आणि दार पिकल्याखेरीज पाटलाचा बाप आला तरी द्यायचा नाही.

आटपाडीहून मात्र लक्ष्मीबाईनं जावयाला एक निरोप धाडला होता. कृष्णातनं तो गूळ भरता भरता सगळ्यांदेखत सांगितला. "म्हातारी म्हणती, पुढल्या खेपंला गाडी आणशीला तर येशीपासनंच हासत या. दारात आल्यावर हासून भागणार न्हाई."